ज्या शहरात ट्रक बनतात, त्याच शहराखालचं मीठ त्यांना खातं! मग जुनी गाडी गंजापासून वाचवायची कशी?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं नाव घेतलं की गाड्या आठवतात. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर ही सगळी मंडळी याच भागातली. शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये आजही फोर्डचा एफ-१५० हा पिकअप ट्रक तयार होतो. पण या शहराच्या पोटात, जमिनीखाली साधारण १,२०० फुटांवर आणखी एक गोष्ट आहे. मिठाची खाण.

खाण काही छोटीमोठी नाही. १,५०० एकरांचा पसारा आणि आत शंभर मैलांच्या आसपास रस्ते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. आज तिथलं मीठ मुख्यतः हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला वापरलं जातं.

आणि वरती बनलेल्या ट्रकांचं लोखंडही तेच मीठ खातं.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अमेरिकेत 'ट्रक' म्हटलं की आपल्याकडचा दहा चाकी ट्रक डोळ्यांसमोर आणायचा नाही. तिकडे ट्रक म्हणजे पिकअप. पुढे माणसं, मागे उघडा हौदा. शेतकरी, सुतार, प्लंबर यांची कामाची गाडी हीच आणि घरची गाडीही हीच. इंजिन नीट सांभाळलं तर वीस-वीस वर्षं चालतं. पण मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क किंवा कॅनडातल्या ओंटारिओसारख्या भागात इंजिन ठणठणीत असताना खालची चॅसिस सडून गाडी भंगारात जाते. तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेली आणि पहिली गाडी सेकंडहँड घेणारी अनेक मराठी मुलंही या गंजात अडकू शकतात. वरून चकचकीत गाडी आणि खाली हात लावला की पापुद्रे.

रस्त्यावर मीठ टाकतात तरी का?

साधं पाणी ० अंश सेल्सिअसला गोठतं. त्यात मीठ मिसळलं की गोठायला आणखी थंडी लागते. पाण्यात १० टक्के मीठ असेल तर ते उणे ६ अंशांच्या आसपास गोठतं आणि २३ टक्के असेल तर थेट उणे २१ अंशांवर. म्हणून वादळ यायच्या आधीच टँकरमधून मिठाचं पाणी रस्त्यावर फवारतात. कोरड्या रस्त्यावर पांढऱ्या समांतर रेघा दिसल्या की लोक समजतात, आज-उद्या बर्फ पडणार.

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेतलं सरसकट मीठ वापरायला लागलेलं पहिलं राज्य. साल १९४१. त्यानंतर हायवे वाढले, गाड्या वाढल्या आणि मीठही वाढलं. आज अमेरिकेत दरवर्षी साधारण २ कोटी टन मीठ रस्त्यांवर जातं. विस्कॉन्सिनमध्ये तर चीज बनवून उरलेलं खारं पाणीसुद्धा रस्त्यावर टाकून बघितलंय. गंमत वाटेल, पण चीजचा कारखाना शेजारी असेल तर ते स्वस्त पडतं.

याने अपघात कमी होतात हे खरं आहे, त्यामुळे मीठ टाकणं उद्या बंद होईल असं काही नाही. पण त्याची किंमत गाडीवाले मोजतात. 'ट्रिपल ए' या अमेरिकेतल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये हिशेब मांडला होता. बर्फ वितळवणाऱ्या या पदार्थांमुळे झालेल्या गंजाच्या दुरुस्तीवर अमेरिकी लोकांनी आधीच्या पाच वर्षांत १५.४ अब्ज डॉलर घातले होते.

गंज कडाक्याच्या थंडीत लागत नाही

बहुतेकांचा इथेच गैरसमज होतो. गंज लागायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतो. मीठ स्वतः लोखंड खात नाही, ते फक्त पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं आणि गंजण्याची क्रिया हीच मुळात एक छोटी विजेची क्रिया असते. शिवाय मिठातला क्लोराइड धातूवरचं बारीक संरक्षक आवरण फोडतो.

आता ही रासायनिक क्रिया आहे म्हटल्यावर ती उष्णतेत जोरात चालणार आणि थंडीत मंदावणार. उणे १५ अंशांत गाडीखाली मीठ चिकटलेलं असलं तरी नुकसान हळू होतं. खरा घोळ होतो तो बर्फ वितळायला लागल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. चॅसिसच्या आत साठलेला मिठाचा चिखल ओला होतो, वर ऊबही मिळते आणि मग गंज सुटतो.

यातूनच एक उलटी गोष्ट निघते. मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये लावणं तिला बाहेर थंडीत उभं करण्यापेक्षा वाईट. मालकाला वाटतं आपण गाडीची काळजी घेतोय, प्रत्यक्षात आपण तिला मिठाच्या पाण्यात भिजत ठेवलेलं असतं.

आणखी एक भानगड मिठाच्या प्रकाराची. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तोच हा प्रकार. पण जास्त थंडीच्या ठिकाणी रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे पदार्थ ३०-३५ टक्के आर्द्रतेतही हवेतून पाणी ओढून घेतात. म्हणजे बाहेर कोरडं ऊन पडलेलं असलं तरी गाडीची खालची बाजू ओलीच.

टोयोटाला किती महागात पडलं?

हा प्रश्न फक्त निष्काळजी मालकांचा असता तर एवढी चर्चा झाली नसती. पण टिकाऊपणासाठी ज्या कंपनीचं नाव घेतात, त्या टोयोटालाच यात मोठा फटका बसला.

२००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० सालच्या टॅकोमा पिकअपच्या चॅसिसवरच्या गंजाची वॉरंटी वाढवून १५ वर्षं केली. ज्या गाड्या दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या त्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत विकत घेतल्या. पुढच्याच वर्षी २००० ते २००३ च्या टुंड्रा ट्रकांचा नंबर लागला. मागे स्टेपनी जिथे टांगलेली असते तो आडवा दांडा गंजून तुटण्याची आणि स्टेपनी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडण्याची शक्यता होती. मागून येणाऱ्याचं काय झालं असतं याची कल्पना केलेली बरी.

मग २०१६ मध्ये सामूहिक दाव्यात समझोता झाला. २००५ ते २०१० च्या टॅकोमा, २००७-०८ च्या टुंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिकोया, अशा सुमारे १५ लाख गाड्या. चॅसिसला भोक पडलेलं सापडलं तर कंपनीने ती बदलून द्यायची. एका गाडीमागे हा खर्च १५ हजार डॉलरपर्यंत धरला होता आणि सगळ्या समझोत्याची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते असं तेव्हा सांगितलं गेलं. टोयोटाने चूक मान्य केली नाही, हेही नोंदवायला हवं.

यापेक्षा जास्त काळजी करण्यासारखी गोष्ट आहे ब्रेकच्या पाइपची. चॅसिसला लागून पुढून मागे जाणाऱ्या या स्टीलच्या बारीक नळ्या असतात. त्या आतल्या दाबाने फुटल्या की ब्रेक तेल गळतं आणि पेडल खाली बसतं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या ट्रक आणि एसयूव्हींची याच कारणासाठी अनेक वर्षं चौकशी केली. २०१५ मध्ये ती बंद झाली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. जुन्या गाड्यांच्या नळ्या मिठाने झिजणारच, तेव्हा मालकांनी हिवाळाभर गाडी खालून धुवावी आणि नळ्या तपासून घ्याव्यात, असा सल्ला मात्र दिला. म्हणजे थोडक्यात, जबाबदारी तुमची.

आधी हातोडी, मग डबा

जुना ट्रक वाचवायचा म्हणून लोक थेट दुकानातून काळ्या रंगाचा स्प्रे आणतात आणि खालून फवारून मोकळे होतात. दिसतं छान. पण आधी बघायचं असतं की खाली वाचवण्यासारखं काही उरलंय का.

त्यासाठी एक साधी हातोडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर लागतो. चॅसिसवर हातोडी मारत जायचं. धडधाकट लोखंड टणटण वाजतं. सडलेलं लोखंड धपधप वाजतं, किंवा त्याचे पापुद्रे खाली पडतात. गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे तो फुगतो आणि जाड दिसतो. म्हणून जाडजूड दिसणाऱ्या भागावर विश्वास ठेवायचा नाही. स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. आत गेला तर विषय रंगाचा उरला नाही, वेल्डिंगचा किंवा गाडी सोडून देण्याचा झाला.

कुठे बघायचं? मागच्या ॲक्सलच्या वर चॅसिसला जो बाक असतो तिथे. पाटे जिथे चॅसिसला जोडलेले असतात तिथे. डिझेल-पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला, कारण तिथला चिखल कधीच धुतला जात नाही. स्टेपनीच्या दांड्यावर. आणि बॉडी जिथे चॅसिसवर बसते त्या रबरांच्या आसपास. चॅसिस बंद पेटीसारखी असेल तर ती आतून बाहेर गंजते. बाहेरून भोक दिसेपर्यंत आत बरंच काही संपलेलं असतं. मोबाइलला जोडायचे स्वस्त बारीक कॅमेरे मिळतात, ते चॅसिसच्या भोकातून आत घालून बघता येतं.

हे करताना गाडी फक्त जॅकवर उचलून खाली झोपायचं नाही. सपाट जमीन, चाकांना उटी आणि जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँड. गंजलेल्या चॅसिसला तर जॅक कुठे लावताय हेही बघावं लागतं, नाहीतर जॅकच आरपार जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. पंधरा वर्षं जुना ट्रक आणि खालून ताजा काळा कुळकुळीत कोट असेल, तर आनंद मानू नका. विकणाऱ्याने काहीतरी झाकलेलं असण्याची शक्यता मोठी. गाडीच्या नोंदणीचा इतिहास मागवला की ती आधी कोणत्या राज्यात होती ते कळतं. टेक्सास किंवा ॲरिझोनात वाढलेल्या गाडीला उत्तरेत जास्त भाव मिळतो तो उगीच नाही.

धुणं आणि वाळवणं

चॅसिस शाबूत आहे असं ठरलं की पुढचं काम म्हणजे मीठ बाहेर काढणं. इथे बहुतेकजण कमी पडतात. प्रेशरने खालून पाणी मारलं की दिसणारा चिखल जातो, पण मीठ बसलेलं असतं आत. चॅसिसच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती तारेने मोकळी करायची आणि मग आत पाण्याची नळी सोडायची. आधी तपकिरी, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत.

तिकडे एक घरगुती युक्ती चालते. बागेत पाणी शिंपडणारा स्प्रिंकलर गाडीखाली ठेवायचा, नळ सुरू करायचा आणि अर्धा तास चहा प्यायला जायचं. प्रेशरच्या पाण्यापेक्षा याचा जोर कमी, पण वेळ जास्त मिळतो आणि मीठ विरघळायला वेळच लागतो.

मग वाळवणं. एक दिवस नाही, दोन-तीन दिवस चांगली कोरडी हवा मिळाली पाहिजे. ओल्या लोखंडावर काहीही फासलं तरी आतली ओल आतच राहते.

सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढून टाकायचे. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असलेला 'रस्ट कन्व्हर्टर' लावता येतो. तो गंजाचं तुलनेने स्थिर अशा काळसर थरात रूपांतर करतो. पण सुटणाऱ्या पापुद्र्यांवर तो लावणं म्हणजे निघालेल्या पोपड्यावर रंग देणं.

मग लावायचं काय?

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला रबरासारखा किंवा डांबरासारखा, जो वाळून कडक होतो. दुसरा मेणासारखा. तिसरा तेलकट, जो कधीच पूर्ण वाळत नाही.

नव्या कोऱ्या, स्वच्छ लोखंडावर पहिला प्रकार ठीक आहे. जुन्या ट्रकवर मात्र तोच घातक ठरतो. कारण जुन्या लोखंडावर गंज कुठे ना कुठे असतोच. कडक थराला खडी लागून बारीक तडा जातो, खारं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून काळा थर अखंड दिसतो आणि आत लोखंडाचा भुगा होत राहतो.

म्हणून जुन्या गाडीसाठी तेलकट प्रकार बरा. तो फटींमध्ये झिरपतो, जोडांमध्ये जातो, हवा आणि पाणी दोन्ही अडवतो आणि खडी लागून निघाला तरी थोडाफार पसरून जागा भरतो. यातला एक लोकप्रिय प्रकार लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीवर जो मेणचट पदार्थ असतो त्याचा. 'फ्लुइड फिल्म' हे त्यातलं ओळखीचं नाव, ते मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या जहाजांसाठी तयार झालं होतं. वास मात्र ओल्या मेंढीसारखा येतो आणि आठवडाभर जात नाही. कॅनडात 'क्राऊन'सारखी दुकानं दरवर्षी तेलाचा फवारा मारून देतात.

याची अडचण एकच. हे टिकत नाही. चाकांमागून उडणारं पाणी ते हळूहळू धुऊन नेतं, त्यामुळे दरवर्षी पुन्हा लावावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचा काळ. पहिलं मीठ पडायच्या आधी आणि हवा अजून बरी असताना. फवारणी फक्त दिसणाऱ्या भागावर नाही, तर लांब नळी लावून चॅसिसच्या आतही करायची. नंतर एक-दोन दिवस थेंब गळतात, गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवायचा. पाणी निघण्याची भोकं बुजली नाहीत ना, हे परत एकदा बघायचं.

ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर, गरम सायलेन्सरवर आणि इंजिनच्या पट्ट्यांवर यातला एक थेंबही जाता कामा नये. पेट्रोलियम तेलाने रबराचे काही भाग फुगतात, तेव्हा ते झाकून घेतलेले बरे.

जळकं ऑइल चालेल का?

हा प्रश्न तिकडेही विचारतात आणि आपल्या कोकणातही. रत्नागिरी-मालवणकडे रस्त्यावर बर्फ नाही, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत क्लोराइड तोच आणि दमटपणा वर्षभर. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंमध्ये तर बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट चॅसिसवर ठिबकत राहतं. तिथे इंजिनातलं काढलेलं जळकं ऑइल खालून फासायची पद्धत जुनी आहे.

ते थोडंफार काम करतं, नाही म्हणता येत नाही. पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्लं आणि धातूंचे कण असतात. ते हाताला लागतं, पावसात धुऊन विहिरीपर्यंत जातं. मासळीच्या गाडीखाली तर ते नकोच. त्यापेक्षा रोजचा फेरा संपल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणं आणि पावसाळ्याआधी साधं नवीन तेल किंवा मेणाचा थर देणं परवडतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत दिसते. बॅटरीला जोडायचा छोटा डबा, जो म्हणे विजेने गंज थांबवतो. जहाजावर आणि जमिनीतल्या पाइपलाइनवर विजेने गंज रोखतात हे खरं, पण तिथे लोखंड सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतं, त्यामुळे वीज फिरायला मार्ग असतो. गाडी हवेत उभी असते. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा डबा विकणाऱ्या एका कंपनीवर खोट्या दाव्यांसाठी कारवाई केली होती. डबे अजूनही विकले जातात.

हिवाळ्यात काय?

तेल लावलं म्हणजे वसंतापर्यंत विसरायचं असं नाही. मीठ पडल्यानंतर ज्या दिवशी तापमान शून्याच्या वर जाईल त्या दिवशी खालून धुवायचं. शून्याखाली धुतलं तर दारं आणि कुलपं गोठून बसतात. गाड्या धुण्याच्या काही केंद्रांत पाणी गाळून पुन्हा वापरतात, तेव्हा शेवटचं पाणी ताजं आहे का एवढं विचारून घ्यायचं. सगळ्यात मोठी धुलाई एप्रिलमध्ये, शेवटचं मीठ पावसाने वाहून गेल्यावर.

ब्रेकच्या नळ्यांना खडबडीत फोड आलेले दिसले तर तेलाच्या भरवशावर राहायचं नाही, नळ्या बदलायच्या. बदलताना पुन्हा साधं स्टील टाकण्यापेक्षा तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची नळी घेतलेली चांगली, ती मिठाने गंजत नाही. व्होल्वोने १९७६ पासूनच आपल्या गाड्यांत ती वापरली होती. बाकीच्यांना एवढा वेळ का लागला, याचं उत्तर बहुधा स्टील स्वस्त पडतं हेच असावं.

आणि पहिल्या बर्फाआधी एक तपासणी अंगणातच करता येते. गाडी उभी असताना इंजिन सुरू करायचं, ब्रेकचं पेडल जोरात दाबायचं आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवायचं. पेडल हळूहळू खाली जायला लागलं, किंवा खाली तेलाचा डाग दिसला, तर गाडी तिथेच ठेवायची आणि टो करून गॅरेजला पाठवायची.